घरच्या घरी पिकअपला कवच: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम की प्लॅस्टिक, आणि कुठे काय

पिकअपला कवच घालायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, पत्रा किती जाडीचा घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. गाडी दगडावर टेकली किंवा झाडाला घासली, तर तो धक्का शेवटी जाणार कुठे, हे आधी ठरवायला हवं. तो चासीत गेला तर गाडी वाचली. दाराखालच्या पातळ पत्र्यात गेला, तर वर सहा मिलिमीटरची प्लेट लावूनही उपयोग नाही. प्लेट शाबूत राहते आणि तिच्यामागचा पत्रा आत जातो.

ऑफ-रोडला वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपची रचना सारखीच असते. खाली लॅडर चासी, म्हणजे शिडीसारखा जाड लोखंडी सांगाडा, तिच्यावर रबरी बुशांवर (गादीसारख्या तुकड्यांवर) बसवलेली केबिन, मागे वेगळा हौदा. बॉडीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचा असतो आणि चासीच्या भिंती त्याच्या कितीतरी पट जाड. खडबडीत वाटेवर चासी पिळते. केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, म्हणून तर दोघांमध्ये फट ठेवलेली असते. घरी कवच बनवताना सर्वांत जास्त गडबड इथेच होते: केबिनपासून हौद्यापर्यंत एकच लांब प्लेट लावली जाते. दिसायला ती छान दिसते, पण चासी पिळली की ती प्लेट एका टोकाला बोल्ट उपटते किंवा दुसऱ्या टोकाला पत्रा फाडते. केबिनचं कवच केबिनपुरतं आणि हौद्याचं हौद्यापुरतं असू द्यावं.

म्हणून मी कवचाचे दोनच प्रकार मानतो. एक भार घेणारं: रॉक स्लायडर (दाराखालचे दांडे), पोटाखालच्या स्किड प्लेट. ही चासीलाच धरलेली हवीत. दुसरं ओरखडा घेणारं: हौद्याच्या कोपऱ्यांवरची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा), फेंडरवरचा थर, पारदर्शक फिल्म. हे बॉडीवर बसतं आणि त्याच्याकडून गाडीचं वजन पेलण्याची अपेक्षा करायची नसते. पुढची सगळी तुलना या दोन कप्प्यांत ठेवून वाचा, कारण एका कप्प्यात उत्तम ठरणारं साहित्य दुसऱ्यात निरुपयोगी ठरू शकतं.

साहित्य: तिघांची समोरासमोर तुलना

| | साधं लोखंड (एमएस) | अ‍ॅल्युमिनियम (५०५२) | यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन (निसरडं, चिवट प्लॅस्टिक) |
|---|---|---|---|
| नेहमीची जाडी आणि वजन, दर चौरस मीटर | ४ मिमी, सुमारे ३१ किलो | ६ मिमी, सुमारे १६ किलो | १२ मिमी, सुमारे ११ किलो |
| दगडावर | घसरतं, वर ओरखडे उमटतात | अडकतं, खरवडलं जातं | सर्वांत सहज घसरतं |
| घरी वेल्डिंग | सोपं | वेगळं मशीन आणि सराव लागतो | होत नाही, बोल्टच लागतात |
| उष्णता | चालते | चालते | साधारण ८० अंश सेल्सियसपुढे नको |
| गंज | रंग सतत राखावा लागतो | एकटं असेल तर टिकतं, लोखंडाला टेकलं तर खाल्लं जातं | नाही |

वजनाचे आकडे घनतेतून आलेले आहेत. लोखंड ७.८५, अ‍ॅल्युमिनियम २.७, यूएचएमडब्ल्यू जेमतेम ०.९४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. इंजिनपासून ट्रान्सफर केसपर्यंतचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंतचं) पोट झाकायला दीड चौरस मीटर पत्रा लागतो असं धरलं, तर चार मिलिमीटर लोखंडाचे ४७ किलो होतात आणि सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे २४. हा फरक छोटा नाही. पुढचे स्प्रिंग आधीच इंजिनाच्या वजनाखाली दबलेले असतात. त्यात पुढचा बंपर आणि विंच (दोर ओढणारं यंत्र) आले की गाडीचं नाक खाली जातं आणि ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला तीच कमी होते.

अ‍ॅल्युमिनियमची बाजू भक्कम आहे, पण ती नीट समजून घ्यायला हवी. त्याचा ताठरपणा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतो. पत्रा वाकण्याला जो प्रतिकार करतो तो मात्र जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर प्रतिकार आठपट. हिशेब केला तर लोखंडाइतकाच न वाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साधारण १.४ पट जाड लागतो आणि तरीही वजन निम्म्याच्या आसपास राहतं. म्हणून तीन मिलिमीटर लोखंडाच्या जागी तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम लावणं चूक, सव्वाचार ते पाच मिलिमीटर लावणं बरोबर.

ग्रेड, म्हणजे ५०५२, ६०६१ असे मिश्रधातूचे प्रकार, निवडताना नावावर जाऊ नका. ६०६१-टी६ हे मजबूत म्हणून सगळ्यांच्या तोंडी असतं आणि आकड्यांत ते ५०५२ पेक्षा सरस आहेच. पण प्रेसवर काटकोनात वाकवायला गेलात की बाहेरच्या बाजूने तडकतं, आणि वेल्ड केलं की सांध्याजवळची उष्णता-प्रक्रिया निघून जाऊन तेवढा भाग मऊ पडतो. ५०५२-एच३२ न कुरकुरता वाकतं. वेल्डिंग करायचंच असेल तर ५०८३ चांगलं. बोटी त्याच्या बनतात. घरी कवच करणाऱ्याने ६०६१ फक्त सपाट, बोल्टने बसवायच्या प्लेटसाठी घ्यावं.

अ‍ॅल्युमिनियमचा खरा दोष त्याच्या मऊपणात आहे. धारदार दगडावर गाडीचं वजन टाकून ओढलं की दगड त्यात रुततो आणि गाडी अडकते. लोखंड तिथे किंचाळत का होईना, पण सरकतं. माती-चिखल, नदीतले गोटे, अधूनमधून एखादा दगड अशा वाटांवर हा दोष जाणवतही नाही. ज्यांची वाट म्हणजे दगडांच्या पायऱ्याच आहेत त्यांना तो प्रत्येक पायरीवर जाणवतो.

यूएचएमडब्ल्यू हे तिसरं साहित्य मला फार आवडतं, पण त्याला एकटं सोडायचं नसतं. ते दगडावरून असं निघून जातं की गाडी टेकली होती हे कळतही नाही. सुतारकामाच्या करवतीने कापता येतं, ड्रिल सहज चालतं. पण त्यात ताठरपणा जवळजवळ नाही, त्याला गोंद धरत नाही, ते घरी नीट वाकवता येत नाही आणि सतत भाराखाली ते हळूहळू झोळ धरतं. शिवाय ते तापमानाने खूप फुगतं. एक मीटर लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सहा ते आठ मिलिमीटर वाढते, लोखंड तेवढ्याच फरकाने अर्धा मिलिमीटर. गोल भोकांत बोल्ट घट्ट आवळले तर उन्हात ती पट्टी लाटांसारखी उठते. लांबट भोकं पाडायची, रुंद वॉशर घालायचे आणि मधला एकच बोल्ट घट्ट ठेवायचा. योग्य जागा म्हणजे लोखंडी प्लेटच्या खाली लावलेला सहा-आठ मिलिमीटरचा थर. भार लोखंड घेतं, घसरायचं काम प्लॅस्टिक करतं, आणि झिजलं की फक्त प्लॅस्टिक बदलायचं. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आसपास मात्र ते अजिबात नको.

घर्षणाला टिकणारं कठीण पोलादही लोक सुचवतात, ज्याची कठिणता ४०० ब्रिनेलच्या आसपास असते. ते ओरखड्यांना आणि कायमच्या पोच्यांना फार चांगलं तोंड देतं. मात्र त्याचा ताठरपणा साध्या लोखंडाइतकाच असतो. त्यामुळे वजन वाचवायला ते पातळ घेतलं तर दगडावर आत दबतं, गिअरबॉक्सला टेकतं आणि परत सरळ होतं. प्लेट नवीन दिसते, आतला भाग फुटलेला असतो. घरच्या ड्रिलने त्यात भोक पाडणंही जिकिरीचं. स्टेनलेसबद्दल एवढंच म्हणेन की या कामाला ते विनाकारण महाग आणि त्रासदायक आहे.

माझा कौल: भार घेणाऱ्या कवचासाठी साधं लोखंड. घरी त्याला झाळता येतं, वाकलं तर ठोकून सरळ करता येतं, तडा गेला तर वाटेतच्या कुठल्याही वेल्डरकडे दुरुस्त होतं. फक्त पोटाखालच्या प्लेटपुरता अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा, तोही गाडी आधीच जड असेल आणि वाट फार दगडाळ नसेल तर.

रॉक स्लायडर: आधी हेच

वेळ आणि पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर तो दाराखाली खर्च करा. बंपर चेपला तरी गाडी चालते. दाराखालची सिल (दारचौकटीची खालची पट्टी) आत गेली की दार लागत नाही, आणि ती दुरुस्ती कापून, जोडून, रंगवून करावी लागते.

इथे चासीला धरायचं की बॉडीला, ही तुलनाच होऊ शकत नाही. सिलच्या खालच्या कडेला बोल्टने पकडलेले ‘स्लायडर’ म्हणजे फुटबोर्ड आहेत. सामान भरलेली पिकअप अडीच टनाची धरली तर एका स्लायडरवर सव्वा टन सहज येतो, आणि गाडी दगडावरून घसरून आदळली तर त्याहून बराच जास्त. एवढं वजन एक मिलिमीटरच्या पत्र्याने पेलायचं नाही. स्लायडरचे पाय चासीतून निघाले पाहिजेत आणि स्लायडर व सिल यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण बॉडी बुशांवर खालीवर होते आणि स्लायडर भाराखाली थोडा वर येतो.

खरी निवड आहे ती वेल्ड की बोल्ट, आणि गोल पाइप की चौकोनी.

वेल्ड केलेला स्लायडर कधी सैल होत नाही, खडखडत नाही आणि त्याला कमी लोखंड लागतं. पण तो थेट चासीवर झाळायचा नाही. सहा मिलिमीटरची पायापेक्षा मोठी प्लेट घ्यायची, तिचे कोपरे गोल करायचे, ती चासीच्या उभ्या बाजूवर ठेवायची आणि मुख्य वेल्ड चासीच्या लांबीच्या दिशेने मारायचा. चासीच्या वरच्या-खालच्या कडांवर, वळणांवर वेल्ड नको. चासीला आडवा छेद देणारी उभी वेल्डची रेघ तर नकोच, कारण पिळ बसताना तडा तिथूनच सुरू होतो. काही नव्या गाड्यांच्या चासी उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात आणि उष्णतेने त्यांची ताकद कमी होते. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चासीवर वेल्डिंग मना केलं असेल तर तो विषय तिथेच संपतो.

बोल्टचा स्लायडर काढता येतो, गाडी विकताना उतरवता येतो, वाकला तर सोडवून जमिनीवर सरळ करता येतो. त्यासाठी ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम१२, म्हणजे १२ मिलिमीटरचे बोल्ट घ्या, आणि चासीवर आधीपासून असलेली भोकं वापरा. नवी भोकं पाडावीच लागली तर ती चासीच्या उभ्या बाजूच्या मध्याजवळ, कधीही वरच्या-खालच्या पट्टीत नाहीत. बंद पेटीच्या चासीतून आरपार बोल्ट घालत असाल तर आत पाइपचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह हवाच. तो नसेल तर बोल्ट आवळताना चासीच्या भिंतीच आत दबतात आणि बोल्ट कधीच खऱ्या अर्थाने घट्ट होत नाही. यू-बोल्टने चासीला नुसती मिठी मारणारी पद्धत मी टाळतो. ती सरकते, आणि सरकताना ब्रेकची नळी तिच्याखाली आली तर फार महागात पडतं.

ज्याचं वेल्डिंग अजून कच्चं आहे त्याने बोल्टचा मार्ग घ्यावा. त्यात स्लायडर बाकावर ठेवून हव्या त्या कोनात झाळता येतो. चासीवर वेल्ड म्हणजे गाडीखाली पडून, डोक्यावर, वितळलेल्या ठिणग्यांखाली करायचं काम, आणि ते हात बसलेल्यालाच जमतं.

आता आकार. ४० एनबी (नाममात्र माप) शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) चा पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर, भिंत ३.७ मिलिमीटर, मीटरला चार किलो. ५०×५०×४ ची चौकोनी नळी मीटरला साडेपाच किलोच्या वर. चौकोनी नळीचं वजन सुमारे ४० टक्के जास्त, पण वाकण्याविरुद्ध तिची ताकद जवळजवळ दुप्पट भरते. शिवाय ती सरळ कापली की सरळ जुळते, तर गोल पाइपच्या टोकाला दुसऱ्या पाइपच्या गोलाईची खाच काढावी लागते आणि ती नीट बसली नाही तर फट भरण्यात वेल्डची ताकद जाते. गोल पाइपचं भलं यात की त्याच्यावरून दगड सरकतो, कडेला पोचा कमी पडतो आणि झाडाच्या बुंध्याला तो कोपरा लावत नाही. घरी बनवणाऱ्यासाठी मला मिश्रण पटतं: पाय आणि आतला मुख्य दांडा चौकोनी, बाहेरचा घासणारा दांडा गोल. पाइप वाकवायला प्लंबिंगचं हायड्रॉलिक बेंडर वापरू नका. ते वळणावर पाइप चपटा करतं आणि तिथेच त्याची ताकद जाते. योग्य बेंडर नसेल तर तिरका काप घेऊन झाळलेला कोपरा जास्त बरा.

नळीला जोड आहे की नाही, हेही बघा. ईआरडब्ल्यू म्हणजे पत्रा गोल करून जोडलेली नळी. डीओएम म्हणजे तीच नळी पुढे थंड अवस्थेत ओढून काढलेली, मापात नेमकी आणि बरीच मजबूत. स्लायडरला चांगली ईआरडब्ल्यू पुरते. जोडाची रेघ वळणाच्या बाहेरच्या कडेला येऊ द्यायची नाही, एवढं पाहा.

मागच्या चाकाजवळ बाहेरचा दांडा जरा बाहेर काढलेला असावा. अरुंद वळणावर झाडाचा बुंधा स्लायडरवरून सरकत येतो आणि शेवटी हौद्याच्या चाकावरच्या भागात घुसतो. ते टोक गाडीचा मागचा भाग झाडापासून दूर ढकलतं. छोटी गोष्ट आहे, पण जंगलातल्या वाटेवर तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

पोटाखाली

स्किड प्लेटबद्दल साहित्याचं बोलून झालं. उरलेलं सगळं आकारात आहे. सपाट सहा मिलिमीटरपेक्षा कडा वाकवलेली चार मिलिमीटरची प्लेट जास्त ताठ असते आणि हलकीही. घरी प्रेस नसेल तर वाकवायच्या रेघेवर ग्राइंडरने जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खाच पाडा, वाकवा, आणि खाच वेल्डने भरून घ्या. काम जुनं आहे आणि नीट केलं तर पक्कं असतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीखाली धरून बघितल्याशिवाय लोखंडाला हात लावू नका.

प्लेट एकमेकींवर छपरावरच्या कौलांसारख्या याव्यात. पुढची प्लेट मागचीच्या खाली, म्हणजे पुढे जाताना दगडाला धरायला कडा सापडत नाही. बोल्टची डोकी बाहेर राहिली तर पहिल्याच दगडाला ती घासून गोल होतात आणि नंतर काढायला छिन्नी लागते. ती काउंटरसंक करा, म्हणजे भोकाची कड तिरकी खणून डोकं आत बसवा, किंवा प्लेटमध्ये खळगा करून आत बसवा. तेल काढायला भोक ठेवा, पण मूठ जाईल एवढं मोठं नको, त्यात काठ्या घुसतात. एकच अखंड प्लेट करण्याऐवजी दोन-तीन तुकडे करा, म्हणजे एकटा माणूस पाठीवर पडून एका हाताने उचलू शकेल. जी प्लेट काढायला कंटाळा येतो तिच्या आत चिखल साचतो आणि वाळलेलं गवत अडकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सरजवळ अडकलेलं कोरडं गवत पेट घेतं. उष्ण भागांभोवती हवा खेळती हवी आणि तिथली जागा बाहेरून हात घालून साफ करता यायला हवी.

पूर्ण बसवल्यावर ॲक्सलखाली जॅक लावून एकेक चाक उचला. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण लोंबल्यावर प्रोपेलर शाफ्ट किंवा आर्म प्लेटला लागत नाहीत ना, ते पाहा.

बॉडीच्या अंगावर: इथे हलकं तेच चांगलं

हौद्याचे मागचे कोपरे, चाकावरचे भाग, फेंडरची खालची कडा इथे लोक तीन मिलिमीटरची लोखंडी चेकर प्लेट लावतात. मला ते पटत नाही. तिथे मागे आधार म्हणून पातळ पत्राच असतो. लोखंड लावून वजन चढतं, तेही उंचावर. जोराचा धक्का बसला तर प्लेट तो पसरवते, एका ठिकाणच्या पोच्याऐवजी अख्खं पॅनल आत जातं. तीच गोष्ट दोन-तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमने केली तर ओरखडे थांबतात आणि वजन एक तृतीयांश होतं. अपवाद हौद्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्याचा. उतारावर मागचा भाग जिथे टेकतो तिथे भार खरोखर येतो, आणि त्या भागाचा आधार चासीपासून काढता येत असेल तर नळीचा दांडा लावा, नुसती प्लेट नको.

काट्याकुट्यांच्या वाटा असतील तर धातूची गरजच नाही. पॉलियुरेथेनचा बेडलायनर, म्हणजे हौद्याला मारतात तो चिवट थर, ओरखडे चांगले झेलतो, दगडाच्या खड्यांना तोंड देतो आणि घरी स्प्रे किंवा रोलरने मारता येतो. तो पोचा थांबवत नाही आणि एकदा मारला की काढणं कठीण. पारदर्शक फिल्म ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. ती रंग वाचवते, काढताही येते, पण टोकदार वाळलेल्या फांदीपुढे तिचा टिकाव लागत नाही. गाडी पुढे विकायची आहे त्याने फिल्म घ्यावी. ठेवायचीच आहे, रंगाचं अप्रूप नाही, त्याने बेडलायनर मारावा आणि निर्धास्त व्हावं.

फांद्यांसाठी आणखी एक सोपं साधन आहे: पुढच्या गार्डपासून छतावरच्या रॅकपर्यंत ताणलेली बारीक वायर रोप. फांदी काचेवर आपटण्याआधी वर सरकते. वजन नगण्य, पण दोन्ही टोकं भक्कम हवीत, आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या मधोमध तार यायला नको.

बॉडीवर प्लेट कशी धरायची यावर तिचं आयुष्य ठरतं. स्क्रू आणि रिव्हेट-नटने (पातळ पत्र्यात बसणाऱ्या आट्यांच्या नटने) ती घट्ट बसते, पण प्रत्येक भोक गंजाचं दार आहे. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि आतून पोकळीत मेण मारा. अ‍ॅक्रिलिक फोम टेपने भोकं पाडावीच लागत नाहीत. त्यासाठी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, दाबून लावायचं, आणि पूर्ण ताकद यायला साधारण तीन दिवस लागतात हे लक्षात ठेवायचं. हलक्या अ‍ॅल्युमिनियमला टेप आणि कडेला दोन-चार स्क्रू हा मेळ उत्तम. प्लेटच्या मागे चिखल साचणारच असं धरून वरची आणि बाजूची कड सीलंटने बंद करा, खालची मोकळी सोडा.

अ‍ॅल्युमिनियम उघड्या लोखंडाला किंवा स्टेनलेसच्या बोल्टला टेकलं आणि मध्ये ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर ते सुरू झालं आहे. मध्ये नायलॉनचे वॉशर, रंगाचा जाड थर किंवा टेप, काहीतरी अडथळा हवाच.

लोखंडी भागांना पावडर कोटिंग करावं का? स्लायडरच्या वरच्या बाजूला हरकत नाही. दगड घासणाऱ्या बाजूला मात्र ते कुठेतरी फुटतं आणि गंज थराखालून पसरत जातो, वरून दिसतही नाही. तिथे झिंक प्रायमर आणि वर साधा एनॅमल. दर वेळी ब्रशने डाग भरता येतात. नळ्यांची टोकं पूर्ण वेल्डने बंद करा किंवा खाली निचऱ्याची भोकं ठेवा. अर्धवट बंद नळीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही, आणि ती आतून सडते.

हात घालण्याआधी

वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा, एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटं थांबा, आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शक्य तितक्या जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंग किंवा वायरिंगमधून फिरत नाही. इंधनाची टाकी आणि नळ्या, ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत हे हाताने चाचपून घ्या. अग्निशामक शेजारी आणि मदतनीस समोर हवा. जीआय पाइप वापरत असाल तर वेल्डच्या जागेवरचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढा. त्याचा धूर घेतला की तापासारखं आजारपण येतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: वेल्डिंगची जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसू नका. त्याचा अंश राहिला तर वेल्डच्या उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अ‍ॅसिटोन वापरा, ते पूर्ण उडून जाऊ द्या, डबा दूर ठेवा.

पुढचा बंपर मी या तुलनेत मुद्दाम घेतला नाही. पुढच्या भागाचं दबणं आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळ गाडी बनवणाऱ्याने एकमेकांशी जुळवलेली असते. घरच्या जाड बंपरने ती बिघडते, आणि रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला ताठ लोखंडाचा मार वेगळाच बसतो. बऱ्याच ठिकाणी कायद्याचीही त्याला मनाई असते. कवचावर स्वतः झाळलेल्या हुकला दोर लावून दुसऱ्याची गाडी ओढणंही तितकंच धोक्याचं. तो हुक सुटला तर गोळीच्या वेगाने उडतो. ओढण्यासाठी चासीवर कंपनीने दिलेलीच जागा वापरावी.

कोणी काय घ्यावं? दगडांत जाणाऱ्याने चासीला धरलेले लोखंडी स्लायडर आणि चार मिलिमीटरच्या लोखंडी स्किड प्लेट, खाली यूएचएमडब्ल्यूचा थर. अंगावर काही लावलं नाही तरी चालेल. अरुंद जंगल-वाटांवर फिरणाऱ्याने बाहेर काढलेल्या टोकाचे स्लायडर, वायर रोप आणि बेडलायनर. पोटाखाली कारखान्याची प्लेट असेल तर तीच राहू द्यावी. लांबचा प्रवास, भरलेला हौदा, छतावर तंबू असं असणाऱ्याने गाडीच्या कमाल वजनाचा आकडा आधी बघावा, वजनकाट्यावर भरलेली गाडी उभी करावी आणि जेवढं उरतं त्यातून कवच ठरवावं. त्याच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या स्किड प्लेट योग्य. ज्या मॉडेलला चांगलं तयार कवच बाजारात मिळतं त्याच्या मालकाने स्किड प्लेट विकत घ्याव्यात आणि स्लायडर घरी बनवावेत. प्लेटची वळणं घरी जमवणं अवघड असतं, स्लायडर सरळ रेषांचं काम आहे.

वाटेवर जाण्याआधी स्लायडर अंगणातच तपासा. त्याच्या मध्यावर जॅक लावा, त्या बाजूची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला, आणि गाडीखाली कुणी जाऊ नका. उचलण्याआधी सिलपर्यंतची फट मोजून ठेवलेली असावी. भाराखाली ती थोडी कमी होईल, पण सिलला टेकता कामा नये, आणि खाली सोडल्यावर पहिल्याइतकी परत आली पाहिजे. परत आली नाही तर पाय वाकले आहेत. एखादा पाय वाढवा किंवा त्याला तिरका टेकू झाळा आणि पुन्हा उचला. सगळं जमलं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर येईल अशी रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या खडबडीत वाटेनंतर गाडी धुऊन खाली वाकून बघा: रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट फिरला आहे, आणि वेल्डच्या कडेला तांबूस केसासारखी रेघ दिसली तर तो तडा आहे. तो ग्राइंडरने मुळापर्यंत खणून पुन्हा झाळायचा, वरून नुसता भरायचा नाही.